विश्लेषण : जुन्या प्रोसेसरचा वेग ताणावा की नवा घ्यावा? ‘फुकटचा वेग’ आता कितपत उरला आहे?

विंडोज १० या संगणक प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्याच सुमारास जगभरात रॅमच्या किमती भडकू लागल्या. जुना डेस्कटॉप मंदावलाय, पण नवा घेणे परवडत नाही, अशा कोंडीत त्यामुळे अनेक जण सापडले आहेत. अशा वेळी एका जुन्या उपायाची चर्चा पुन्हा सुरू होते. तो म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, अर्थात कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर अधिक वेगाने चालवणे. एकेकाळी या युक्तीने स्वस्त प्रोसेसरकडून महागड्या प्रोसेसरचे काम करून घेता येत असे. आज तिचा उपयोग किती? आणि नव्या प्रोसेसरवर पैसे खर्च करणे केव्हा शहाणपणाचे?

हा प्रश्न आत्ताच का?

विंडोज ११ अधिकृतपणे चालवण्यासाठी सर्वसाधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा, अथवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर लागतो. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते. म्हणजे २०१७ च्या मध्यापर्यंत घेतलेले बहुतेक डेस्कटॉप, ते कितीही ठणठणीत असले तरी, या यादीबाहेर आहेत. वैयक्तिक वापरकर्त्यांना विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा सुधारणा मिळण्याची मुदत मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली. त्यामुळे निर्णय फार काळ लांबवता येण्याजोगा नाही.

दुसरीकडे, एआयसाठी उभारल्या जाणाऱ्या डेटा सेंटरनी मेमरी चिपचा मोठा हिस्सा स्वतःकडे ओढला आहे. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन प्रमुख उत्पादकांनी अधिक नफा देणाऱ्या एआय मेमरीकडे मोर्चा वळवला. ‘क्रुशल’ या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसाय बंद करत असल्याची घोषणा मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये केली. २०२५ च्या अखेरच्या काही महिन्यांत डीडीआर५ रॅमच्या किमती दुपटीहून अधिक झाल्या. नवा प्रोसेसर घेणे म्हणजे बहुतेक वेळा नवी रॅमही घेणे असल्याने ही वाढ थेट ग्राहकाच्या खिशाला लागते.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमके काय?

प्रोसेसरचे काम एका ठेक्यावर चालते. हा ठेका म्हणजे ‘क्लॉक’. ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके. मदरबोर्डवरच्या मूळ ठेक्याला, जो साधारण १०० मेगाहर्ट्झचा असतो, एका गुणकाने गुणून हा वेग मिळतो. गुणक ३७ असेल तर वेग ३.७ गिगाहर्ट्झ, ४५ केला तर ४.५ गिगाहर्ट्झ. बायोसमध्ये जाऊन हा गुणक वाढवणे आणि वाढलेला वेग पेलण्यासाठी गरजेनुसार प्रोसेसरचे व्होल्टेज थोडे वाढवणे, हे ओव्हरक्लॉकिंगचे सार.

मात्र हे प्रत्येक संगणकावर करता येत नाही. इंटेलने बहुतेक प्रोसेसरचा गुणक कुलूपबंद ठेवला आणि नावापुढे ‘के’ असलेल्या महागड्या प्रकारांतच तो मोकळा ठेवला. त्यासाठी सहसा ‘झेड’ मालिकेतला चिपसेट असलेला मदरबोर्डही लागतो. एएमडीने रायझनच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये गुणक मोकळा ठेवला, पण सर्वांत स्वस्त ए३२० चिपसेटच्या बोर्डवर ती सोय दिली नाही. दुकाने, शाळा, कार्यालये यांच्यासाठी घेतलेल्या संगणकांत सहसा साधा आय३ किंवा आय५ आणि स्वस्त बोर्ड असतो. म्हणजे अशा बहुसंख्य संगणकांसाठी ‘ओव्हरक्लॉक की नवा’ हा प्रश्नच निकालात निघतो. तिथे पहिला पर्याय उपलब्धच नसतो.

कंपन्या वेग शिल्लक का ठेवत होत्या?

एकाच सिलिकॉन चकतीवर शेकडो चिप तयार होतात, पण त्या तंतोतंत सारख्या निघत नाहीत. काही जास्त वेग सहन करतात, काही कमी. कंपनी त्यांची चाचणी घेऊन वर्गवारी करते आणि वेगवेगळ्या नावांनी विकते. वेग ठरवताना वर्गवारीतली सर्वांत कमकुवत चिप, सर्वांत गरम खोली, निकृष्ट वीजपुरवठा आणि अनेक वर्षांची झीज यांचा विचार करून मोकळीक ठेवली जाते. कधी मागणी स्वस्त चिपची असते आणि कारखान्यातून निघणारा माल मात्र उत्तम असतो. मग उत्तम चिपवरही स्वस्त चिपचे नाव लागते. ग्राहकाला हीच शिल्लक सापडत असे.

याचे गाजलेले उदाहरण १९९८ मधले. इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर होता. मदरबोर्डचा ठेका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, की अनेक नग सहज ४५० मेगाहर्ट्झवर चालत. म्हणजे एका बदलात ५० टक्के वाढ. जानेवारी २०११ मध्ये आलेला आय५-२५००के हा या परंपरेतला दुसरा मानकरी. त्याचा मूळ वेग ३.३ आणि टर्बो वेग ३.७ गिगाहर्ट्झ, पण चांगला कूलर बसवून ४.५ गिगाहर्ट्झ गाठणे सर्रास शक्य होते. त्या काळात प्रत्येक नव्या पिढीत होणारी सुधारणा माफक असे आणि मुख्य प्रवाहातले इंटेल प्रोसेसर चार कोअरवरच अडकले होते. त्यामुळे ओव्हरक्लॉक केलेला २५००के पुढची अनेक वर्षे पुरला. ‘ओव्हरक्लॉक करा, नवा कशाला?’ हा सल्ला आजही दिला जातो, त्यामागे याच काळाची आठवण आहे.

मग ही शिल्लक गेली कुठे?

ती कंपन्यांनी स्वतःच वापरायला सुरुवात केली. इंटेलने २००८ मध्ये टर्बो बूस्ट आणले. तापमान आणि वीज यांत वाव असेल तेव्हा प्रोसेसर आपणहून वेग वाढवू लागला. पुढे हे तंत्र इतके बारीक झाले, की चिप क्षणाक्षणाला स्वतःचा वेग आणि व्होल्टेज ठरवते आणि कोणता कोअर सर्वांत दणकट आहे हेही ओळखते. २०२३ चा आय९-१४९००के कारखान्यातूनच ६ गिगाहर्ट्झच्या टर्बो वेगासह बाहेर पडला. एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. अशा चिपमध्ये घरच्या कूलरवर आणखी फारसे काही पिळून काढता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आय९-१३९००के ने ९ गिगाहर्ट्झचा टप्पा ओलांडला खरा, पण त्यासाठी द्रवरूप हेलियम ओतावे लागले. तो विक्रम होता, वापर नव्हे.

ही मोकळीक किती अरुंद झाली आहे, याचा इशारा इंटेलच्याच १३ व्या आणि १४ व्या पिढीने दिला. या मालिकांतले काही डेस्कटॉप प्रोसेसर कोणतीही छेडछाड न करता अस्थिर होऊ लागले. प्रोसेसरमधल्याच सूचनांमुळे गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितले जाते आणि त्याने चिपची झीज होते, असे तपासात निष्पन्न झाले. कंपनीने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडमध्ये दुरुस्त्या दिल्या आणि संबंधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. या पिढ्यांचा प्रोसेसर असेल, तर वेग वाढवण्याऐवजी बायोस अद्ययावत करणे हेच पहिले काम ठरते.

वेग वाढवला की उष्णता किती वाढते?

इथे हिशेब सरळ नाही. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. उदाहरणादाखल ३.७ गिगाहर्ट्झचा वेग ४.५ केला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ केले असे धरू. वेग २२ टक्क्यांनी वाढला, पण वीज जवळपास ५४ टक्क्यांनी. वेगाचा शेवटचा टप्पा गाठताना तर प्रत्येक १०० मेगाहर्ट्झसाठी जास्तच व्होल्टेज मोजावे लागते.

विजेचे बिल हा यातला मोठा खर्च नाही. पूर्ण भाराखाली ५० वॉट जास्त लागतात, रोज पाच तास, वर्षातले ३०० दिवस असे धरले तर वर्षाला ७५ युनिट होतात. युनिटला १० रुपये धरल्यास ७५० रुपये. खरा खर्च चांगला कूलर, हवा खेळती ठेवणारी कॅबिनेट आणि भरवशाचे एसएमपीएस यांचा असतो. जुन्या संगणकाचे एसएमपीएसही जुनेच असते. त्यावर वाढीव भार टाकणे धोक्याचे ठरू शकते.

महाराष्ट्रात आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे खोलीचे तापमान. कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. चिप खोलीपेक्षा किती अंश गरम राहील, एवढेच तो ठरवतो. परदेशी चाचण्यांतले आकडे सहसा २० ते २५ अंशांच्या खोलीतले असतात. तिथे ७५ अंशांवर राहणारी चिप नागपूर, अकोला किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात, ४० अंशांच्या खोलीत, ९० अंशांच्या घरात जाते. इंटेलच्या अनेक चिप १०० अंशांच्या आसपास पोहोचल्या, की स्वतःचा वेग आपोआप कमी करतात. म्हणजे हिवाळ्यात कमावलेला वेग ऐन उन्हाळ्यात हातचा जाऊ शकतो.

कमी गिगाहर्ट्झचा नवा प्रोसेसर पुढे कसा जातो?

गिगाहर्ट्झ म्हणजे फक्त ठोक्यांची संख्या. एका ठोक्यात किती काम होते, हे वेगळे गणित आहे. २००० च्या दशकात पेंटियम ४ ने ३.८ गिगाहर्ट्झ गाठले, पण २००६ मध्ये आलेल्या कोअर टू ड्युओने त्याहून बऱ्याच कमी वेगावर त्याला मागे टाकले. तेव्हापासून प्रत्येक पिढीत प्रोसेसरची अंतर्गत रचना, कॅश मेमरी आणि पुढच्या सूचनांचा अंदाज बांधण्याची क्षमता सुधारत गेली. हा फायदा बायोसमधला आकडा बदलून मिळत नाही.

आय७-७७००के चे उदाहरण बोलके आहे. जानेवारी २०१७ मध्ये तो मुख्य प्रवाहातला इंटेलचा सर्वांत वरचा प्रोसेसर होता. चार कोअर, आठ थ्रेड, ४.५ गिगाहर्ट्झचा टर्बो आणि ९१ वॉटची उष्णता मर्यादा. पाच वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, आय३-१२१०० आला. त्यातही चार कोअर आणि आठ थ्रेडच आहेत, टर्बो वेग तर ४.३ गिगाहर्ट्झ, म्हणजे कमीच. मूळ वीजमर्यादा ६० वॉट. तरीही बहुतेक कामांत हा सर्वांत खालच्या श्रेणीतला आय३ त्या आय७ ला मागे टाकतो. ७७००के ताणून ५ गिगाहर्ट्झवर नेला तर टर्बोच्या तुलनेत वाढ होते अवघी ११ टक्के.

एएमडीच्या बाजूनेही हेच दिसते. २०१७ चा रायझन ५ १६०० हा ३.६ गिगाहर्ट्झ टर्बोचा प्रोसेसर. तो ३.९ पर्यंत ताणला तर एका कोअरच्या कामात सुमारे ८ टक्के वाढ होते. सर्व कोअर कामाला लागले, की मूळ वेग आणखी खाली असतो, त्यामुळे तिथे ही वाढ १५ टक्क्यांच्या जवळ जाते. आता रायझन ५ ५६०० पाहा. तेवढेच सहा कोअर, तीच ६५ वॉटची मर्यादा, ४.४ गिगाहर्ट्झचा टर्बो. मधल्या पिढ्यांत एका ठोक्यात होणारे काम आधी १५ आणि मग १९ टक्क्यांनी वाढले, असे एएमडीचे दावे आहेत. ते ग्राह्य धरून वेगातली वाढ त्यात मिळवली, तर एका कोअरची क्षमता दीडपटीहून अधिक होते. ८ टक्के आणि दीडपट यांतला फरक हाच या सगळ्या चर्चेचा गाभा आहे.

कोणते प्रश्न ओव्हरक्लॉकिंगने सुटतच नाहीत?

पहिला प्रश्न पात्रतेचा. ७७००के कितीही ताणला तरी विंडोज ११ च्या यादीत तो बसत नाही, कारण ती यादी वेग मोजत नाही, पिढी पाहते. दुसरा प्रश्न सूचनांच्या संचाचा. एव्हीएक्स२ हा संच इंटेलच्या डेस्कटॉपमध्ये २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून आला. काही नवे गेम आणि सॉफ्टवेअर तो असल्याशिवाय सुरूच होत नाहीत. २५००के मध्ये तो नाही आणि वेग वाढवून येणारही नाही. तिसरा प्रश्न जोडण्यांचा. जुन्या बोर्डवर वेगवान एनव्हीएमई एसएसडीची खोबण नसते, ग्राफिक्स कार्डसाठीची जोडणी जुन्या पिढीची असते आणि रॅमही डीडीआर३ असते. प्रोसेसर पळाला तरी भोवतालचा रस्ता जुनाच राहतो.

नवा प्रोसेसर म्हणजे फक्त प्रोसेसर का नव्हे?

नवा प्रोसेसर घेण्याच्या सल्ल्यात हाच मुद्दा अनेकदा राहून जातो. एएमडीचा २०२२ मध्ये आलेला एएम५ सॉकेट आणि इंटेलची २०२४ ची कोअर अल्ट्रा २०० डेस्कटॉप मालिका फक्त डीडीआर५ रॅम स्वीकारतात. म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड आणि महागलेली रॅम अशा तिन्ही गोष्टी एकदम घ्याव्या लागतात. कधीकधी जुना कूलर नव्या सॉकेटवर बसत नाही, तो चौथा खर्च. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीला डीडीआर४ चे बोर्डही मिळतात. हातात चांगली डीडीआर४ रॅम असेल, तर आजच्या किमतींत ती मोठी बचत आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही बाजारात भाव विचारताना म्हणूनच एकट्या प्रोसेसरचा भाव विचारून चालत नाही. तिन्ही वस्तूंची एकत्र बेरीज करावी लागते.

सॉकेटचे नाव सारखे दिसले म्हणून फसण्याचीही शक्यता असते. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीच्या सॉकेटमध्ये पिनांची संख्या सारखीच आहे, ११५१. तरीही सातव्या पिढीच्या बोर्डवर आठव्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. आय५-६५०० च्या मालकाला त्या बोर्डवर फार तर वापरलेला आय७-७७०० बसवता येईल. त्याने थ्रेड वाढतील, पण विंडोज ११ चा दरवाजा बंदच राहील. अशा संगणकावर पैसे घालताना तो त्या बोर्डचा शेवटचा मुक्काम आहे, हे गृहीत धरावे लागते.

एएम४ अपवाद कसा ठरतो?

एएमडीने एएम४ सॉकेट विलक्षण काळ टिकवला. २०१७ मध्ये पहिले रायझन याच सॉकेटवर आले आणि २०२२ मध्ये कंपनीने ३०० मालिकेच्या सुरुवातीच्या बोर्डवरही रायझन ५००० प्रोसेसर चालवण्याची वाट मोकळी केली. त्यामुळे २०१७ साली बी३५० बोर्डवर रायझन ५ १६०० घेतलेल्या व्यक्तीला तोच बोर्ड, तीच डीडीआर४ रॅम आणि अनेकदा तोच कूलर ठेवून ५६०० किंवा ५७००एक्स बसवता येतो. वर सांगितलेली दीडपट वाढ आणि विंडोज ११ ची पात्रता, दोन्ही एका वस्तूच्या खर्चात मिळते.

मात्र काही पथ्ये आहेत. आपल्या बोर्डच्या उत्पादकाने त्या प्रोसेसरसाठी बायोस दिला आहे का, हे त्याच्या यादीत तपासावे. जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच बायोस अद्ययावत करावा. ते सुरू असताना वीज गेल्यास बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएसशिवाय हे काम करू नये. अगदी स्वस्त बोर्डवर आठपेक्षा जास्त कोअरचा प्रोसेसर बसवणेही टाळावे, कारण त्याची वीज पुरवणारी यंत्रणा तेवढी सक्षम नसते.

प्रोसेसरच मंद आहे, हे कशावरून?

बऱ्याचदा दोष भलतीकडेच असतो. संगणक सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे लागत असतील आणि आत हार्ड डिस्क असेल, तर अडथळा तिथे आहे. साधी साटा एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो, तो कोणत्याही ओव्हरक्लॉकिंगने पडत नाही. ब्राउझरमध्ये दहा-पंधरा टॅब उघडल्यावर संगणक हँग होत असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा पाहावा. गेम अडखळत असेल तर रिझोल्यूशन कमी करून पाहावे. फ्रेमची संख्या झपाट्याने वाढली तर मर्यादा ग्राफिक्स कार्डची आहे. फारसा फरक पडला नाही, तर संशय प्रोसेसरवर घ्यावा.

यामागचे तत्त्व जीन अॅम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडले होते. एखाद्या कामाचा जेवढा भाग तुम्ही वेगवान करता, तेवढ्याच भागाचा वेळ वाचतो. एकूण वेळापैकी ३० टक्केच वेळ प्रोसेसरमुळे लागत असेल, तर प्रोसेसर १५ टक्क्यांनी वेगवान करून एकूण वेळ जेमतेम ४ टक्क्यांनी कमी होतो. तो जाणवणारही नाही.

आणखी एक शक्यता तपासणे सर्वांत स्वस्त आहे. सात-आठ वर्षांच्या संगणकात कूलरवर धूळ साचलेली असते आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते. अशी चिप तापून स्वतःचा वेग कमी करत असते. कूलर साफ करून काही शे रुपयांची पेस्ट नव्याने लावली, की हरवलेला मूळ वेग परत मिळतो. ओव्हरक्लॉकिंगचा विचार करण्यापूर्वी कंपनीने दिलेला वेग तरी पूर्ण मिळतोय का, हे पाहणे केव्हाही योग्य.

जोखीम किती?

आजचे प्रोसेसर अति तापले तर वेग कमी करतात किंवा बंद पडतात. त्यामुळे चिप लगेच जळण्याची भीती पूर्वीएवढी नाही. खरी जोखीम दोन प्रकारची आहे. पहिली, हळूहळू होणारी झीज. जास्त व्होल्टेज आणि उष्णता यांमुळे चिपमधल्या सूक्ष्म तारांची झीज वेगाने होते आणि आज स्थिर असलेला वेग दोन वर्षांनी अस्थिर होतो. दुसरी जोखीम अधिक छुपी आहे. प्रोसेसर किंवा रॅम सीमारेषेवर चालत असेल, तर संगणक बंद न पडताही एखादा आकडा चुकू शकतो किंवा फाइल बिघडू शकते. गेम खेळताना हे चालून जाईल. पण हिशेबाच्या वह्या, छपाईला जाणारी पाने, प्रबंधाची आकडेवारी किंवा ग्राहकांची छायाचित्रे ज्या संगणकावर आहेत, तिथे हा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

वॉरंटीचा प्रश्न जुन्या प्रोसेसरबाबत सहसा उरलेला नसतो. नव्या प्रोसेसरबाबत मात्र ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान दोन्ही कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत.

मग कोणी काय करावे?

जुना ‘के’ प्रोसेसर, योग्य बोर्ड आणि चांगला कूलर हे सगळे आधीपासून हाताशी असेल, संगणक मुख्यतः गेमसाठी किंवा हौसेसाठी असेल, तर ओव्हरक्लॉकिंग जरूर करून पाहावे. व्होल्टेज न वाढवता किंवा अगदी थोडे वाढवून जो वेग मिळेल, तेवढ्यावर थांबावे. चाचणी रात्रीच्या गारव्यात नव्हे, तर भर दुपारी काही तास घ्यावी. मात्र त्यासाठी नवा कूलर, नवे एसएमपीएस किंवा वापरलेला ‘झेड’ बोर्ड विकत घ्यावा लागणार असेल, तर तो विचार सोडून द्यावा. ते पैसे नव्या प्रोसेसरच्या खात्यात जमा केलेले बरे.

एएम४ बोर्ड असलेल्यांसाठी उत्तर सर्वांत सोपे आहे. त्याच बोर्डवर नव्या पिढीचा प्रोसेसर बसवणे. आठव्या-नवव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असलेल्यांना विंडोज ११ ची अडचण नाही. त्यांनी एसएसडी आणि पुरेशी रॅम एवढे पाहून रॅमचे भाव उतरेपर्यंत थांबले तरी चालेल. खरी कोंडी सातव्या आणि त्याआधीच्या पिढ्यांच्या मालकांची आहे. ओव्हरक्लॉकिंगने ती सुटत नाही. त्यांच्यापुढे तीनच पर्याय उरतात. ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत घेऊन पैसे जमवणे, डीडीआर४ चालणाऱ्या १२ व्या पिढीसारख्या मधल्या टप्प्यावर जाणे, किंवा लिनक्स बसवून तोच संगणक इंटरनेट, लेखन आणि मुलांच्या अभ्यासासाठी वापरत राहणे.

हा शेवटचा पर्याय दुर्लक्षित राहू नये. संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६२० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के शास्त्रशुद्ध पद्धतीने गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. चालू स्थितीतला संगणक केवळ एका यादीत बसत नाही म्हणून भंगारात जाणे हे ग्राहकाच्याही तोट्याचे आहे आणि पर्यावरणाच्याही.

प्रोसेसरचा वेग ताणण्याची हौस संपलेली नाही आणि ती संपण्याचे कारणही नाही. पण त्यातून मिळणारी बचत आता बरीच आटली आहे, कारण वेगातली शिल्लक कंपन्या खरेदीच्या वेळीच ग्राहकाला विकतात. त्यामुळे पैसे वाचवायचे असतील तर आधी संगणक नेमका कुठे अडतोय हे शोधावे, मग आपला बोर्ड पुढच्या कोणत्या पिढीपर्यंत जातो हे पाहावे. बायोसमधल्या गुणकाला हात लावायचा की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.